मामांचा हातगुण आणि मी

काड्यापेटीहून लहान, कडांनी घासलेला आणि एका बटणावरचं कुलपाचं चित्र पार पुसून गेलेला असा मी मोटारसायकलचा एक रिमोट आहे. मित्रांनो, किल्लीच्या जुडग्यात लोंबकळताना तुम्ही मला नक्की पाहिलं असेल, पण माझी विचारपूस कुणी केली असेल असं वाटत नाही. आज करा. आज मी खुशीत आहे, कारण कचऱ्याच्या डब्यात जाता जाता मी अगदी थोडक्यात वाचलो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. चष्म्यावर आणखी एक भिंग लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात इवल्याशा तारा जोडल्या, नखाएवढा गोल सेल बसवला आणि झाकण लावून मला एका खोक्यात ठेवलं. त्या खोक्यात माझ्या शेजारी माझा भाऊ होता, अलार्म. आमची एकमेकांशी ओळख तिथेच करून दिली गेली. भाऊ अंगापिंडाने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा. तो गाडीच्या सीटखाली बसतो. परक्या हाताने गाडी हलवली की तो गल्ली डोक्यावर घेतो आणि इंजिनही चालू होऊ देत नाही. त्याला गप्प करायचं काम माझं. माझं बोलणं माणसांना ऐकू येत नाही, ते हवेतून जातं आणि फक्त भावाला कळतं. मी म्हणायचं, "अरे, आपलीच माणसं आहेत," की त्याने 'टुक' करून दार उघडल्यासारखं इंजिन मोकळं करायचं.

आमची गाडी ज्यांनी घेतली त्या बाई रक्तपेढीत कामाला होत्या. रक्ताच्या पिशव्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि गावभरच्या दवाखान्यांत वेळेत पोहोचवायच्या, हे त्यांचं काम. सगळे त्यांना पेटीताई म्हणायचे. ताई चालायची कमी आणि धावायची जास्त. धावता धावताच ती खिशात हात घालायची, मला दाबायची, आणि ती गाडीपाशी पोहोचेपर्यंत भाऊ मोकळा झालेला असायचा. सहा वर्षांत तिला मला दुसऱ्यांदा दाबावं लागलं नाही. "माझा रिमोट म्हणजे सोनं आहे," असं ती एकदा फोनवर कुणाला तरी म्हणाली होती. ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

एकदा मात्र मी पँटच्या खिशात राहून धुण्याच्या मशिनमध्ये गेलो. तेव्हा मला वाचवलं ताईच्या सासऱ्यांनी, अप्पांनी. अप्पांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले होते. त्यांनी मला उघडलं, दोन दिवस खिडकीत वाळवलं, सेल टेकतो ती पत्र्याची जीभ खोडरबरने घासून लखलखीत केली आणि म्हणाले, "चल, ऊठ आता." मी उठलो.

इथवर सगळं छान होतं. मग अवदसा आठवली.

ताईच्या फेरीत एक चार मजली दवाखाना होता. त्याच्या फाटकावर रखवालदार मामा असायचे. मामा मोठे प्रेमळ. केबिनच्या भिंतीला लागून सावलीची एकच जागा होती, ती ते ताईच्या गाडीसाठी राखून ठेवायचे. डॉक्टरांची सुद्धा गाडी तिथे लागू द्यायचे नाहीत. "पेटीतलं रक्त उन्हात नको," असं ठणकावून सांगायचे. एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी आपली जुनी, उंच पाठीची, फिरती खुर्ची मामांना देऊन टाकली. मामांचं लाकडी स्टूल कोपऱ्यात गेलं. खुर्ची भिंतीला टेकवून, मान मागे टाकून मामा असे काही बसायचे की येणारे-जाणारे आधी त्यांनाच नमस्कार करायचे.

त्याच आठवड्यात माझं बिनसलं.

ताईने पेटी वर पोहोचवली, धावत खाली आली, मला दाबलं. मी बोललो. भावाने ऐकलंच नाही. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, मग घाईने किल्ली घातली, आणि भाऊ जो काही ओरडला! खिडक्याखिडक्यांतून पेशंट डोकावले. भावाच्या बरोबर डोक्यावर पाटी होती, 'शांतता राखा'. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जीव तोडून बोलत होतो, पण माझा शब्द मधेच कुठे विरतोय ते मला कळत नव्हतं.

मामा लगबगीने बाहेर आले. "आणा इकडे," म्हणाले. त्यांनी मला हातात घेतलं, दाबलं, आणि भाऊ चटकन गप्प!

"बघितलंत? हातगुण लागतो ताई, हातगुण!" मामांची छाती फुगली.

मग हा रोजचाच खेळ झाला. इतर सगळ्या दवाखान्यांत मी पहिल्या दाबात बोलायचो. इथे मात्र ताईच्या हातात मुका, आणि मामा उठून आले की बोलका. मामांचा लौकिक एवढा वाढला की एका आयाबाईंनी आपलं बिघडलेलं घड्याळ त्यांच्याकडे आणून दिलं. मामांनी तेही हातात धरून बघितलं. ते काही चाललं नाही.

ताईने नवा सेल घातला. अप्पांनी मला पुन्हा उघडलं, जीभ घासली, भिंगातून तारांचा एकेक टाका तपासला. घरी अंगणात वीस वेळा दाबून बघितलं, वीसही वेळा भाऊ ऐकायचा. अप्पा म्हणाले, "सूनबाई, घरी बोलतो आणि तिथे बोलत नाही, म्हणजे दोष तिथे कुठेतरी आहे. याच्यात नाही."

"अप्पा, मला शोधत बसायला वेळ कुठाय हो? उद्या अडले तर?"

गॅरेजवाल्याने तर मला उघडूनही पाहिलं नाही. "म्हातारा झालाय, ताई. गुरुवारी या, नवीन जोडून देतो. नवीन जोडला की जुन्याची ओळख आपोआप पुसली जाते." मित्रांनो, ते ऐकून मला काय वाटलं असेल? आपल्या भावाने आपल्याला कधीच ओळखू नये, याहून वाईट काय असतं?

गुरुवारी भर दुपारी ताई त्या दवाखान्यात आली. तिच्याकडे दोन पेट्या होत्या. एक इथली. दुसरी नदीपलीकडच्या प्रसूतिगृहाची. तिथे एका बाळंतिणीला रक्तस्राव होत होता आणि डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले होते. पहिली पेटी देऊन ताई खाली धावली, मला दाबलं.

काही नाही.

"मामा! अहो मामा, या लवकर!"

मामा केबिनमधून म्हणाले, "ताई, कसा येऊ? सकाळी जिन्यावर गुडघा दुखावला. उठताच येत नाहीये." ते खुर्चीत मागे टेकून बसले होते, पाय स्टुलावर. दवाखान्याची गाडी पेशंट आणायला गेलेली. रक्तपेढीतून दुसरं कुणी येईपर्यंत पाऊण तास जाणार. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या बोटाचा घाम मला लागत होता.

ती केबिनच्या दारात गेली आणि मला पुढे केलं. "बसल्या बसल्या दाबा, पण तुम्हीच दाबा."

मला घ्यायला मामा पुढे वाकले आणि तसंच वाकून त्यांनी मला दाबलं. बाहेर 'टुक' झालं!

"ऐकलं की नाही त्याने? अहो, हातगुण..." असं म्हणत मामा समाधानाने मागे टेकले. ताई मला घेऊन गाडीकडे पळाली. पण पेटी पट्ट्याने नीट बांधण्यात अर्धं मिनिट गेलं, आणि तेवढ्या वेळात किल्ली फिरवली नाही तर भाऊ आपणहून पुन्हा पहारा सुरू करतो. ती त्याची सवयच आहे. ताईने मला दाबलं. भाऊ ढिम्म. ती रडकुंडीला आली. तिने वळून मामांकडे पाहिलं. मामा तिची तगमग बघून कळवळले आणि खुर्चीतच पुढे सरसावले. ताईचं बोट माझ्यावर तसंच दाबलेलं होतं.

टुक!

सुटकेचा निःश्वास टाकून मामा मागे टेकले. ताई मात्र जागच्या जागी थबकली. आत्ता तर मामांनी मला हातही लावला नव्हता. तिने कुलपाचं बटण दाबून भावाला मुद्दाम बंद करू पाहिलं. भाऊ ऐकेना.

"मामा, पुढे वाका!"

"आं? कशाला?"

"वाका म्हणते ना!"

मामा भांबावून वाकले. तिने उघडायचं बटण दाबलं. भाऊ 'टुक' बोलला.

"असेच वाकून राहा मामा! मी फाटकाबाहेर जाईपर्यंत मागे टेकलात तर बघा!"

आणि मामा दुखरा गुडघा धरून, कंबरेत वाकून, येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्यांना नमस्कार करत असल्यासारखे राहिले. ताईने किल्ली फिरवली. आम्ही सुटलो.

पेटी वेळेत पोहोचली. ताई प्रसूतिगृहाच्या ओसरीवर मला मुठीत धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने आतून एक नर्स आली आणि म्हणाली, "रक्त चढलं. आई बरी आहे. मुलगी झालीय, जोरात रडतेय." ताईचा जीव भांड्यात पडला. माझाही. गॅरेजवाल्याला तिने तिथूनच फोन केला, "नवीन नको. जुना ठणठणीत आहे."

दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः तिच्या मागे बसून आले. त्यांनी मामांची खुर्ची भिंतीपासून सरकवली. मागे, बरोबर खुर्चीच्या माथ्याच्या उंचीवर, एक बिनतारी घंटीचं बटण होतं. फाटकावर पेशंट आला की वर नर्सच्या खोलीत घंटी वाजावी म्हणून लावलेलं. मामा टेकले की खुर्ची ते दाबून धरायची. बटण दिवसभर हवेत ओरडत राहायचं, आणि त्या कल्लोळात माझा शब्द भावापर्यंत पोहोचत नसे. वरच्या नर्सबाईंनी सांगितलं, "ती घंटी? सारखी वाजायची. महिनाभरापूर्वीच उपटून ठेवली आम्ही." खाली सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं?"

ताई म्हणाली, "असं कसं? सावलीतली जागा कोणी राखली? काल वाकून कोण राहिलं? ती बाळंतीण घरी जाईल ना, ती तुमच्यामुळे पण."

मामांनी खडू मागवला आणि भिंतीपासून हातभर अंतरावर जमिनीवर एक जाड रेघ ओढून घेतली. खुर्ची आता त्या रेघेच्या मागे जात नाही. घंटीही पुन्हा लावलीय, आणि ती पेशंट आला तरच वाजते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. ते ऐकेनासं झालं तर त्याला लगेच म्हातारं म्हणू नका. त्याला पुसा, त्याचा सेल बघा, आणि मग त्याच्या आजूबाजूलाही बघा. कदाचित ते बिचारं बोलत असेल आणि दुसरंच कुणीतरी मोठ्याने ओरडत असेल.

मामांचा गुडघा आता बरा झालाय. मी ताईच्या हातातून पहिल्याच दाबात बोलतो, तरी त्या फाटकावर ताई मला खिशातून काढते आणि मामांपुढे धरते. मामा खुर्चीतून उठून येतात, मला हलकेच दाबतात, आणि माझा भाऊ लगेच ऐकतो.