संगीताच्या मानेतली गाठ

मी संगीताच्या रक्तातली एक पांढरी पेशी बोलतेय. माझा जन्म हाडातल्या मज्जेत झाला. शत्रू ओळखायचा आणि त्याच्यावर प्रतिपिंडं सोडायची, हे माझं काम. आमच्यात एकीच्या दोन होतात, म्हणून माझ्या पूर्वजांवर जे गुदरलं तेही मी माझंच म्हणून सांगते.

संगीता दीड वर्षाची होती. तिची आई कडूबाई वडवणीजवळच्या माळावर शेळ्या राखायची. भाकरीचा घास स्वतः चावून मऊ करायची आणि लेकीला भरवायची. त्या लाळेतून हर्पिसच्या कुळातला एक विषाणू आला. कडूबाईचा काय दोष? तो बहुतेक माणसांच्या अंगात असतोच.

टॉन्सिलपाशी त्यानं मला गाठलं. माझ्या कवचावरचं एक प्रथिन त्यानं कडीसारखं धरलं, मग दुसरं. परका म्हणून ओळखायच्या आत मीच त्याला पोटात घेतलं होतं. त्याचं वेष्टन गळून पडलं आणि त्याची जनुकं माझ्या केंद्रकात जाऊन बसली. तिथं तो तीस वर्षं गप्प राहिला. पहाऱ्यावरच्या टी-पेशी त्याला डोकं वर काढू देत नव्हत्या.

मग संगीताची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. धाकट्या भावानं, नाथानं, आपलं एक दिलं. परकं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून औषधांनी पहारेकऱ्यांना गुंगी आणली. विषाणूला तेच हवं होतं. त्यानं मला वाढायला लावलं. मी थांबू शकले नाही. मानेत लिंबाएवढी गाठ आली.

अंबाजोगाईला गाठीचा तुकडा तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधं कमी करून बघू. गाठ विरेल कदाचित. पण मूत्रपिंडाला धोका आहे."

संगीता भावाकडं वळली. "नाथा, तुझी किडनी वाया गेली म्हंजी?"

"किडनीचं काय घिऊन बसलीस, अक्का?" नाथाचा आवाज चढला. "तू हायस म्हून ती दिली. आदी गाठ जाऊ दी."

कडूबाई तोंडाला पदर लावून बसली होती. तिनं गोळ्यांची पिशवी डॉक्टरीणबाईंपुढं सरकवली.

गोळ्या कमी करून तीन आठवडे झाले. पहारेकरी जागे झालेत. माझ्या शेजारणी एकेक करून संपताहेत. गाठ बोराएवढी उरलीय, आणि मूत्रपिंड अजून तरी चालतंय.

माझ्या हाती एकच काम राहिलंय. आतल्या विषाणूचे तुकडे मी कवचावर मांडून ठेवलेत, ओळख पटावी म्हणून. पहारेकऱ्यांनो, ही तर घरचीच, म्हणून दया करू नका. या.