चपलांच्या रांगेतला पाय

भात रांधायला आत जायचं, तर भिकी आधी ओसरीवर टेकायची, पट्टा सोडायची, डावा पाय काढून चपलांच्या रांगेत ठेवायची आणि गुडघ्यांवर रांगत चुलीपाशी पोचायची. पाण्यासाठी बाहेर यायचं की पाय पुन्हा चढवायचा. दिवसातून असं दहा वेळा. वीटभट्टीवर ट्रॅक्टरचं चाक पायावरून गेलं त्याला दोन वर्षं झाली होती, नवा पाय मिळून एक. रानशेतजवळच्या त्या पाड्यावर असला पाय पहिलाच.

नियम सासूचा. पायाला रबराचा तळवा, तो चिखलाशेणातून फिरतो, म्हणजे ती चप्पलच. आणि चुलीशेजारीच देव; चप्पल घालून देवापाशी कोण जातं? बुधीबाई काही दुष्ट नव्हती. सून अंथरुणाला खिळली तेव्हा तिनेच घास भरवले होते. पण भल्या माणसाच्या डोक्यात बसलेलं खूळ काढणं महाकर्मकठीण. नवरा रघ्या आईपुढे तोंड उघडत नसे. आणि खरं सांगायचं तर भिकीलाही ते पटलंच होतं.

२०१७ च्या फेब्रुवारीत ती डहाणूला पाय दाखवायला गेली. पाय बसवणाऱ्या श्रुतिकाताईंनी खुंटावरचं फडकं सोडलं. कातडी सोलली होती.

"मावशी, हे कशानं झालं?"

"घरात रांगते ना."

"आणि पाय?"

"भायेर. चपलांसंगं."

श्रुतिकाताई थकून खुर्चीत बसल्या. कुणाचा पाय माळ्यावर, कुणाचा गोठ्यात, हे त्यांना नवं नव्हतं. "जखम हाडापर्यंत गेली तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल. चप्पल काढून माणूस चालतो, मावशी. हा काढून तुम्ही चालता का?"

भिकीने पंधरा दिवस कुबड्यांवर काढले, जखम सुकली, पाय पुन्हा चढवला, आणि लेक वर्षा हिच्या लग्नाची हळद आली. घर पाहुण्यांनी भरलं. आतून बुधीबाईची हाक आली, "भिके, पोरीला हळद लाव. पाय काढ नि ये."

बाया वळून बघू लागल्या. रागवायलाही अंगात त्राण लागतं. भिकीकडे तेवढंही उरलं नव्हतं.

"नाय काढत," ती म्हणाली.

"काय बोलली?"

"आय, हा जोडा नाय, पाय हाय माझा. रांगले तं आजून वरशी कापतील."

"देव कोपंल!"

"भट्टीवर पाय गेला तवा तो काय हसत व्हता? कोपू दे."

चौकट धरून तिने उंबरा ओलांडला. रघ्याने पुढ्यातलं पातेलं उचलून वाट मोकळी केली; जन्मात त्याला एवढंच सुचलं. भिकीने उभ्यानेच वर्षाच्या गालांना हळद लावली. वर्षा रडत होती, भिकी नाही.

पाहुणे जेवून उठले. बुधीबाईने शेणाचा गोळा घेतला आणि जिथे जिथे तो पाय पडला होता, तिथे तिथे सारवू लागली. पाड्यातल्या चार जणी दारातून बघत होत्या.

"सारव, आय," भिकी म्हणाली. "उंद्या पन सारवाय लागंल. मी रोज चालनार."

म्हातारीचा हात काही थांबला नाही. भिकी ओलं सारवण तुडवत चुलीकडे चालत गेली.