डाव्या पिसांची पकड

मी एक जुनी पकड आहे, मित्रांनो. नळवाल्याच्या पिशवीत असते ती नव्हे, तसं कुणी समजलं तर मला राग येतो. बाणाच्या शेपटीला पिसं चिकटवतात, तेव्हा गोंद सुकेपर्यंत पीस घट्ट धरून ठेवणारी ती मी. माझं बूड ओतीव लोखंडाचं. त्यावर बाणाची काडी उभी करायची खाच आहे आणि बाजूला माझा लांब जबडा. जबडा डावीकडे जरासा पिळलेला आहे. तो वाकडा झालेला नाही, घडवणाऱ्याने मुद्दाम तसा घडवलाय. म्हणून मला टर्कीच्या डाव्या पंखाचीच पिसं चालतात. उजव्या पंखाचं पीस कुणी तोंडात कोंबलंच तर मी काय करणार, लोखंडाला नाही म्हणता येत नाही. पण ते मला कळतं.

मला या घरात आर्वोने आणलं. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी, बर्चच्या झाडांच्या रानाला लागून हे घर आहे. आर्वोने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला, खिडकीशी, स्क्रूने पक्कं बसवलं. पहिले काही बाण त्याने केले. मग त्याची बायको हिल्मा म्हणाली, "सर बाजूला. गोंद पिसाला लावायचाय, टेबलाला नाही." तेव्हापासून मी हिल्माची. आजूबाजूचे शिकारी आपल्या काड्या घेऊन यायचे, कॉफी आणि वेलचीचा पाव खायचे, आणि जाताना माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणायचे, हिल्माचा बाण पोपटासारखा शहाणा असतो, सांगितलं तिथेच जातो. मला ते कौतुक आवडायचं. पण पाव खाऊन केलेलं कौतुक किती खरं, असंही मनात यायचं.

नंतर टोकांना चाकं बसवलेली नवी धनुष्यं आली. दुकानातून तयार बाण येऊ लागले, शेपटीला प्लास्टिकचे बोटभर पंख लावलेले. मला स्क्रू काढून सौनाच्या, म्हणजे वाफेने घाम काढायच्या खोलीच्या, बाहेरच्या फळीवर ठेवलं. तिथे सगळा ओलावा. मला गंज चढला. अंग झोडायच्या बर्चच्या जुड्या माझ्या अंगावर टाकून लोक आत घाम गाळायला जात आणि लालबुंद होऊन बाहेर येत, पण माझ्याकडे कुणी बघत नसे. आर्वो गेला तेव्हाही मी तिथेच होते. पुढे त्याच्या मुलाने, रेइनोने, बापाचं लाकडी धनुष्य भिंतीवरून उतरवलं. त्या धनुष्याला प्लास्टिक चालत नाही. बाण त्याच्या लाकडावरच टेकतो आणि सुटताना शेपटी लाकडाला घासून जाते. पीस तेवढ्यापुरतं मुडपतं आणि पुन्हा उभं राहतं. प्लास्टिक धडकतं. म्हणून हिल्माने मला घासून पुसून परत टेबलावर आणलं.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सरावाचं टोक गोल असतं. त्याला वारा धरत नाही, शेपटी कशीही असली तरी ते खपून जातं. शिकारीचं टोक मात्र पात्यांचं. त्यातही रेइनो वापरतो ती पक्की पाती. ती बाण सुटल्यापासून उघडीच असतात, आणि उघडं पातं म्हणजे बाणाच्या नाकावर लावलेला पंखच. ते वारा धरतं आणि बाणाला भलतीकडे ओढतं. त्याला आवरायला शेपटी तितकीच दमदार लागते. लांब पिसं, तीनही एकाच पंखाची, एकाच पिळाने बसवलेली. मग बाण स्वतःभोवती गरगरत सरळ जातो.

काही वर्षांपूर्वी एकदा रेइनोचा बाण हरणाला भलत्या जागी लागला. त्याने रक्ताचा माग दलदलीपर्यंत काढला, तिथे पाण्यात माग संपला. हरीण मिळालं नाही. तो घरी येऊन बराच वेळ बूटही न काढता बसला होता. शेवटी म्हणाला, "पात्याचा बाण गोल टोकाच्या बाणाशेजारी बसला नाही, तर यापुढे मी रानात जायचा नाही."

आता कर्टिसबद्दल. हिल्माच्या मुलीने, सिल्वीने, खालच्या मिशिगनचा नवरा केला. राज्याचे दोन भाग जोडणाऱ्या मोठ्या पुलाच्या पलीकडचा, नकाशावर आमच्या खालचा. आमच्याकडे त्यांना पुलाखालचे म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात. माणूस गोड बोलणारा. हिल्माला तो 'मॅम' म्हणतो. गाडी अडवल्यावर पोलीस म्हणतात तसं. त्यामुळे आपण काहीतरी गुन्हा केलाय असंच आम्हा दोघींना वाटत राहतं.

हरीण हुकल्यानंतरच्या सप्टेंबरात तो शिकारीसाठी आला तेव्हा हिल्मासाठी भेट घेऊन आला. त्याने वसंतात मारलेल्या टर्कीची पिसं. पट्ट्यापट्ट्यांची, लांब, देखणी. दोन कागदी पिशव्यांत.

"लाल रबरवाली डाव्या पंखाची, मॅम. निळी उजव्याची. उजवी तुम्हाला लागायची नाहीत, पण फेकवेनात."

"बरं," हिल्मा म्हणाली.

तो बाहेर गेल्यावर तिने दोन्ही पिशव्या एकाच डब्यात ओतल्या.

"आई, त्याने वेगळी करून आणली होती ना," सिल्वी म्हणाली.

"त्याने केली म्हणूनच. पुलाखालच्याला डावं-उजवं कळत असतं तर त्याने गाडी माझ्या बटाट्यांवर लावली असती का? मी माझी निवडीन."

पिसाच्या देठाशी एका बाजूला बारीक कड असते. ती कुठल्या अंगाला आहे त्यावरून पंख ओळखतात. हिल्मा ते बोटानेच ओळखते, खिडकीबाहेर बघत, चष्मा न लावता. चष्मा लावून पीस बघणाऱ्याला ती शिकाऊ समजते. पण त्या वर्षी तिची बोटं सुजलेली आणि बधिर होती. कॉफीचा गरम कप ती रिकामा असल्यासारखा धरायची, चटकाही जाणवायचा नाही.

ती पिसं कापून, घासून एकसारखी करू लागली आणि एकेक माझ्या तोंडात देऊ लागली. पहिलं चांगलं. दुसरं चांगलं. तिसऱ्याने मात्र माझ्या जबड्याशी भांडण काढलं. मी डावीकडे पिळते, ते उजवीकडे पळतं. देठ काडीवर नीट बसेना, हिल्माने तो अंगठ्याने दाबला. मी मनात म्हटलं, हे त्याचंच काम. गोड बोलून आमच्यात उजवी पिसं घुसवली यानेच. हिल्माने स्वतःच्या हाताने डबा भरताना मी बघितलं होतं, तरी मी हेच म्हटलं. संशयाला तेवढं पुरतं.

बाण तयार झाले, ते कोठारात ठेवले. मागच्या अंगणात गवताच्या गाठोड्यावर रेइनोने गोल टोकं लावून नेम धरला. सगळे एका बशीत मावतील असे बसले. तो खूश झाला. मग त्याने पाती लावली. पहिला बाण गाठोड्याच्या कडेला गेला. दुसरा गाठोड्यावरून पलीकडे कोठाराच्या भिंतीत. रेइनोने तो उपटला आणि बराच वेळ हातात फिरवत राहिला. हंगाम उघडायला फार वेळ उरला नव्हता.

जेवायला पॅस्टी होती, मांस आणि कंदमुळं भरून भाजलेली मोठी करंजीच. कुणी नीट खाईना.

"कोठारात कोण गेलं होतं?" रेइनोने विचारलं.

"मी गेलो होतो," कर्टिस म्हणाला. "बाण बघत होतो."

"बघत होतास की हाताळत होतास?"

"हातात घेतल्याशिवाय कसे बघणार?"

"माझे बाण तू कशाला बघायचे? तुझे आहेत ना हिरवे, प्लास्टिकचे, ख्रिसमसच्या झाडावर टांगायला?"

कर्टिस हसला. तिथे हसायला नको होतं. "निदान पाऊस पडल्यावर त्यांची भिजलेली कोंबडी होत नाही. हे बघ रेइनो, माझे पंख घे ना या हंगामापुरते. जास्तीचे आणलेत. तासाभरात लावून देतो."

"वडिलांच्या धनुष्यावर प्लास्टिक? म्हणजे बाण लाकडाला धडकून उडावा, हेच ना? आधी हे बिघडवलेस, आता ते सुचवतोस. वडिलांचं शिकारीचं मचाण तुला हवं आहे, सरळ सांग."

"रेइनो," सिल्वी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. हा घरात आला तेव्हापासून…"

"आला तेव्हापासून काय? पूर्ण कर." ती उठली. "नाही ना होत? मग ऐक. आम्ही आज निघतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला येणार नाही, नाताळात येणार नाही. आईला भेटावंसं वाटलं तर तिने पूल ओलांडून यावं."

हिल्माने आयुष्यात कधी तो पूल ओलांडलेला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने पॅस्टीचा घास तोंडात घातला आणि चावत राहिली. मला वाटलं, बरं झालं, जाऊ दे त्याला. पण सिल्वी वर जाऊन बॅगा भरायला लागली तेव्हा हिल्माचं चावणं थांबलं.

सिल्वी बॅगा गाडीत ठेवत होती. कर्टिस पायरीवर उभा होता, काय करावं ते न कळून. हिल्माने रेइनोला हाक मारली.

"भिंतीत घुसला होता तो बाण आण."

तो आणला. तिने बोटाने पिसं चाचपली. पुन्हा चाचपली. मग खिडकीकडे पाठ केली आणि पिसाचा देठ ओठावरून हळूच फिरवला. ओठाला अजून समजत होतं. एक पीस. दुसरं पीस. तिसऱ्याला ती थांबली. दुसरा बाण मागितला, तोही ओठाला लावला. मी टेबलावरून सगळं बघत होते. तिचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच वाटलं की आपलं तोंड लोखंडाचं आहे, त्यावर काही उमटत नाही, तेच बरं.

"कर्टिस," ती म्हणाली. "आत ये."

तो आला.

"कोठारात तुला काय दिसलं?"

"काही नाही, मॅम."

"मी सुजलेय बोटांत, अकलेत नाही. काय दिसलं?"

त्याने सिल्वीकडे पाहिलं. ती बॅग हातात धरून दारात उभी होती. "पिसं दोन बाजूंना झुकलेली दिसली," तो म्हणाला. "काही बाणांत डावी-उजवी एकत्र झालीत."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर कुणी ऐकलं असतं? रेइनो म्हणाला असता, यानेच तशी आणून दिली. शिवाय…" तो अडखळला. "मी आल्यापासून तुम्ही मला एकदाही टोमणा मारला नव्हता. म्हटलं, हे दिवस जाऊ देत असेच."

रेइनो खाली बघू लागला. हिल्माने डबा ओढला आणि त्यातली पिसं टेबलावर पालथी केली.

"पिसं यानेच वेगळी करून आणली होती," ती रेइनोला म्हणाली. "मी एकत्र केली. या घरात कुणाच्या बाणाला कुणी हात लावलेला नाही, माझ्याशिवाय. आता तू तो चाकू घे आणि सगळ्या काड्यांवरची पिसं खरवड. नीट. काडीला ओरखडा आला तर बघ." मग कर्टिसकडे वळली. "तू इथे बस. डावी इकडे. उजवी माझ्या नजरेआड."

"सिल्वी, बॅगा?" कर्टिसने विचारलं.

"बॅगा कशाला विचारतोस? तिला म्हणावं कॉफी ठेव," हिल्मा म्हणाली.

सिल्वीने बॅग दारातच ठेवली. आत आणली नाही, बाहेरही नेली नाही. कॉफी मात्र ठेवली.

त्या संध्याकाळी कर्टिसने पिसं निवडली, हिल्माने गोंद लावला आणि मी धरली. त्याने दिलेलं प्रत्येक पीस मी जबड्यात घट्ट दाबून पाहिलं. एक तरी उजवं सापडेल, मग मी बघून घेईन, असं माझ्या मनात होतं. एकही सापडलं नाही. रेइनो खरवडत होता. मग तो म्हणाला, "पुलाखाली टर्की एवढी मोठी होते होय?"

"तिला खायला मिळतं," कर्टिस म्हणाला.

हिल्मा हसली. आवाज न करता, खांदे हलवत.

सकाळी रेइनोने अंगणात एक गोल टोकाचा आणि एक पात्याचा बाण सोडला. खिडकीतून मला दिसलं. दोघं इतके जवळ बसले की त्यांची पिसं एकमेकांत अडकली. रेइनोने ते उपटायला कर्टिसला पाठवलं. सिल्वी दारात गेली, बॅग उचलली आणि वर घेऊन गेली.

मित्रांनो, माझ्यासारखी पकड तुमच्या घरात असेल तर तिला सौनात टाकू नका. तिच्या जबड्यावरचा जुना गोंद खरवडा, तिला सुक्या जागी ठेवा, थोडं तेल द्या. आणि बाण भलतीकडे गेला तर माणसावर डोळे वटारायच्या आधी पीस ओठाला लावून बघा. ते करायला वेळ लागतो, तोंडात तूस जातं, पण तेवढं करा. मग हवं तर माणसाचाही संशय घ्या. मी तर घेतेच. आता तो पुलाखालचा दर सप्टेंबरात इथे येऊन माझ्यासमोर बसतो, पीस देतो, आणि मी ते दाबून बघते. पण माझी इच्छा एवढीच आहे की पुढच्या वर्षीही ते त्यानेच द्यावं.