काळं म्हणजे पाणी

आमच्या कॉम्प्युटरची मेमरी मूठभर, अन् उपग्रहाचं टेपवर यायचं ते चित्र अख्ख्या मुलखाचं. एकदम मावणार कुठं? म्हणून आम्ही चित्राच्या आडव्या पट्ट्या करायचो. एक पट्टी मेमरीत घ्यायची, साफसूफ करायची, डिस्कवर ठेवायची, अन् तिच्याच जागेवर दुसरी बसवायची. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात रामदासपेठेतल्या ऑफिसात मी हेच करून राहिली होती. कॉम्प्युटरले एसी होता. त्याचा गारवा आम्हाले फुकटात.

चित्र पाहून टँकर कोणत्या गावाले पाठवायचा, ते ठरणार होतं. आमच्या चित्रात पाणी काळं दिसे. ज्या गावापाशी काळं, त्याले टँकर नाही. माझं माहेर टेंभरी, त्याच भागातलं.

तयार चित्रावर नकाशा ठेवला, अन् मी चाटच पडली. टेंभरीले लागून भला मोठा तलाव! अगा बाप्पा! माझी आई कांताबाई पहाटे उठून नाल्याच्या रेतीत पाण्याचा झिरा उकरते, वाटीवाटीनं पाण्याचा गुंड भरते, अन् इथं तलाव!

प्रोग्राम गिरिधर साहेबांचा होता. त्यांना म्हटलं, "मी परवाच गावाहून आली. तिथं डबकं नाही, साहेब."

"उपग्रह खोटं बोलत नाही, प्रेमिलाताई."

"उपग्रह नाही, तुमचा प्रोग्राम बोलते."

झोंबलं त्यांना. झोंबू दे. तो तलाव मी ओळखला होता. वरच्या अंगाच्या धरणाचा तो, तसाच्या तसा. टेपवरचं चित्र टेंभरीच्या अलीकडेच संपलं होतं, म्हणून शेवटची पट्टी आखूड. तिच्याखाली मेमरीत आधीच्या पट्टीतलं धरण पडून होतं, ताटात उरलेल्या भातासारखं. प्रोग्रामनं न पाहता तेही वाढून दिलं.

साहेबांनी चूक मानली, हे त्यांचं चांगलं. "प्रत्येक पट्टीआधी मेमरी पुसून टाकू," म्हणाले, अन् सगळीकडे शून्य भरून मोकळे झाले. चित्र पुन्हा निघालं. आता टेंभरीच काय, आजूबाजूची सारी गावं काळीकुट्ट! शून्य म्हणजे काळं, काळं म्हणजे पाणी. आगीतून उठून फुफाट्यात. मले आधी हसू आलं, मग असा राग आला का टेबलावर हातच आपटला.

"न पाहिलेल्या जागेले वेगळा आकडा द्या ना, साहेब. पाणी नाही, जमीनही नाही. पाहिलंच नाही, असं म्हणा."

त्यांनी तसं केलं. टेप जिथं पोचली नव्हती, तिथं कोरं पांढरं आलं. खरं चित्र निघालं म्हणून आम्ही चहा मागवला.

ते घेऊन टँकरचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेलो. माणूस भला होता. काळी गावं त्यांनी सोडली, राखाडी म्हणजे कोरडी, ती गावं टँकरसाठी घेतली. पांढऱ्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"तिथलं चित्र आलेलं नाही, सर," गिरिधर साहेब म्हणाले.

"मग राहू द्या. काय आहे तेच ठाऊक नाही, तिथं टँकर कसा पाठवू?"

खरं सांगते, खोटा तलाव होता तेव्हा टँकर नाही, अन् खरं चित्र काढलं तरी नाहीच. साहेब त्यांना टेप, पट्ट्या, मेमरी समजावू लागले. अधिकारी मान डोलवून राहिले होते. मले राहवलं नाही.

"तिथं माझी आई आहे, सर."

त्यांची मान डोलायची थांबली.

"आमच्या चित्रात तिचं गाव नाही," मी म्हटलं, "म्हणून तिले तहान लागत नाही काय?"

मग अधिकाऱ्यांनी चित्र बाजूले सारलं अन् मले गावाचं नाव विचारलं.