तिसरी रांग

"वहिनी, पांढरा रुमाल वर गेला की मुलींनी आपापली जागा धरून अडवायचं. निळा गेला की एकेकीला चिकटायचं. माझा हात दुखला तर तू धर, पण चुकू नकोस हं!"

प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत बसून वन्सं मला बजावत होत्या. मुलींचा पहिला बास्केटबॉल संघ त्यांनी उभा केला, पण तेव्हाच्या नियमात बाईला प्रशिक्षक म्हणून बाकावर बसता येत नव्हतं. म्हणून बसले त्यांचे दादा, म्हणजे आमचे हे. सामनाभर पेपरातलं शब्दकोडं सोडवलं आणि शेवटी गुणपत्रकावर सही ठोकली. मुली जिंकल्या. वन्सं हसत म्हणाल्या, "दादा, आडवे चार, उभे सात जमलं का रे?"

त्याला आता कितीतरी वर्षं झाली; वन्संना जाऊनही वर्ष झालं. गेल्या आठवड्यात ह्यांना क्रीडा कार्यालयाचं पत्र आलं. मुलींच्या पहिल्या संघाचे प्रशिक्षक म्हणून सत्कार, शिवाय नव्या क्रीडागृहाला ह्यांचंच नाव.

मला वाटलं, हे लगेच कळवतील, चूक झाली म्हणून. ह्यांनी तर भाषण लिहायला घेतलं. वाचूनही दाखवलं.

"आणि वन्सं?" मी विचारलं.

"आहे की. 'माझ्या बहिणीचीही मदत झाली.'"

"मदत?"

"कागदावर सही कुणाची आहे? आणि ती काय आता बघायला येणारे? उगाच मोडता घालू नकोस."

चाळीस वर्षं ह्या माणसासाठी रोज हात जोडले. त्या संध्याकाळी देवापुढे बसले, पण काय मागावं ते सुचेना.

काल त्या संघाच्या कप्तानाचा फोन आला. आता तिलाही नातवंडं आहेत.

"वहिनी, आम्ही बाईंचं सांगायला गेलो तर कार्यालयातले साहेब म्हणतात, इतकी वर्षं झाली, तुमचा घोळ होत असेल. तुम्ही बाईंच्या शेजारी होता ना? उद्या सत्काराआधी येऊन सांगाल? दहा वाजता, क्रीडा कार्यालयात?"

मागच्या खोलीत हे भाषण पाठ करत होते.

"येते," मी म्हटलं. "नक्की येते."

आज सकाळी ह्यांनी न्हाणीघरातून हाक मारली, "अगं, कोटाला इस्त्री झाली का?"

"झाली."

कोट खुंटीला अडकवला. चहा झाकून ठेवला. चपला हातात घेऊन जिना उतरले, आणि खाली आल्यावर पायात घातल्या.