दोन बाजूंची दोन उत्तरे

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. पण शाळेचे तोंड मी कधी पाहिले नाही. खाणीतून निघाले, घासूनपुसून गुळगुळीत झाले, अंगावर लाकडी चौकट चढली आणि थेट रुग्णालयात, तान्ह्या बाळांच्या वॉर्डात येऊन पडले. औषधांच्या कपाटाशेजारच्या खिळ्यावर माझा मुक्काम असे.

तिथली रीत मोठी कडक. बाळाला किती औषध द्यायचे, याचा भागाकार दोन सिस्टरांनी करायचा. एकीने माझ्या पुढच्या बाजूला, दुसरीने मागच्या. एकमेकींचे बघायचे नाही. उत्तरे जुळली तरच सिरिंज भरायची. दशांश चिन्ह म्हणजे पेन्सिलीचा ठिपका, मुंगीच्या डोक्याएवढा! पण तो एक घर चुकला, की औषध दहापट होते. त्या ठिपक्यापुढे मी आजही थक्क होते.

एका सकाळी एका बाळाचे हृदय भलतेच वेगाने धडधडू लागले. डॉक्टरांनी ०.३६ मिलिग्रॅम औषध सांगितले. बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये २.४ मिलिग्रॅम होते. बाळाची आई दाराला धरून उभी होती.

मोठ्या सिस्टरांनी घाईघाईत दोन्ही संख्यांमधले ठिपके काढूनच टाकले, छत्तीसला चोवीसने भागले आणि लिहिले १.५. मग नव्या सिस्टरने मागच्या बाजूला दोन्ही ठिपके एकेकच घर सरकवले, ३.६ ला २४ ने भागले. तिचे उत्तर आले ०.१५. पोटावर एक उत्तर, पाठीवर दुसरे, आणि मला बोलता येईना. माझा जीव टांगणीला लागला.

नव्या सिस्टरने मला उलटले मात्र, तिचा चेहरा उतरला. तिने ओले फडके उचलले आणि स्वतःचेच उत्तर पुसायला घेतले. पहिले शून्य पुसले गेलेसुद्धा.

"काय गं, काय झालं?" मोठ्या सिस्टरांनी विचारले.

"माझंच चुकलं असेल, ताई. तुम्ही इतकी वर्षं करताय."

"पुसू नकोस. आधी उलटं गुणून बघू."

२.४ गुणिले १.५ म्हणजे ३.६. मोठ्या सिस्टरांचा हात जागीच थांबला. मग त्यांनी २.४ ला ०.१५ ने गुणले. आले ०.३६, डॉक्टरांनी सांगितले होते तेवढेच.

"माझं चुकलंय," त्या हळूच म्हणाल्या. "एका संख्येचा ठिपका दोन घरं सरकवला, दुसरीचा एकच. दहापट गेलं असतं गं. सिरिंज तू भर."

दुपारपर्यंत हृदय ताळ्यावर आले. बाळाने दुधासाठी असे भोकाड पसरले, की आई रडता रडता हसू लागली.

आता तो हिशेब यंत्र करते. मी कपाटामागे धूळ खात असते. वाईट वाटते, खोटे कशाला सांगू? पण मित्रांनो, माझे एक ऐका. उत्तर यंत्राचे असो वा मोठ्या माणसाचे, उलटे गुणून पाहा; आणि तोवर आपले उत्तर पुसू नका. त्या सकाळी ते फडके आणखी दोन बोटे पुढे सरकले असते, तर ते बाळ आज नसते.