लॅपटॉपातली टोळी

"सांगतो, पण तुमचा कुणाचा इस्वास बसणार न्हाय," मी म्हणालो. "आमच्या ऋतुजाचा लॅपटॉप काळाठिक्कर पडला, अन् तरी आतली टोळी पाच मिनिटं राबत होती. कंपनीच्या साहेबाला ते बघवलं न्हाय, म्हणून पोरीला नोकरी नाकारली. नालायक माणूस."

सात रस्त्याच्या चौकात मल्लप्पाच्या चहाच्या टपरीवर मी बसलो होतो अन् डोकं तापलेलंच होतं.

"लॅपटॉपात कसली टोळी, मुकादम?" मल्लप्पानं विचारलं.

श्रीपूरच्या कारखान्याला मी वीस हंगाम ऊसतोडीच्या टोळ्या पुरवल्या. मला कळलं ते याला कुठून कळावं.

"नातीनं एका लॅपटॉपच्या पोटात तीन मशिनी मांडल्या, लोखंडाच्या न्हाय, नुसत्या सॉफ्टवेअरच्या. त्यात कामकरी डबे, त्यास्नी कंटेनर म्हणत्यात. वर एक मुकादम, कुबरनेटिस. त्याला एकदाच सांगायचं, सहा पायजेत. एक पडला की दुसरा उभा. मुलाखतीत साहेब हिच्या मोबाइलच्या व्हिडिओ कॉलवर बघतोय, अन् हिनं मुद्दाम एक मारला. चार मोजायच्या आत नवा हजर. माझ्या टोळीत हे जमलं असतं तर मी आज माढ्याचा आमदार असतो."

"मग बिघडलं कुटं?"

"लॅपटॉपची बॅटरी मेलेली. पिन बोर्डात असली तरच चालतो. ऐन वेळी लाइट गेली. लाइटवाल्यांना भर उन्हात फडात उभं करायला पायजे. मी पोरीच्या मागं बसलेलो, वर पंखा फुल्ल, तरी मला घाम फुटला. पण टोळी? सहाच्या सहा राबत होते."

"आजोबा."

ऋतुजा मागं उभी होती, हातात स्कूटीची किल्ली. कधी आली, देव जाणे.

"तो मुकादमही त्याच लॅपटॉपात होता. लॅपटॉप मेला, सगळेच मेले. उठवायला बाहेर कोण होतं?"

मल्लप्पा हसला. ती हसली नाही.

"सहा महिने घासली मी. तुम्ही म्हणालात लाइट गेली, मी मानलं, घाबरून वर बघितलंही नाही. साहेबाचीही माफी मागितली. आता म्हणता, पंखा फुल्ल होता."

मी कप तोंडाला लावला. त्यात काही नव्हतं.

"एक मारला की दुसरा उठतो, हे तुम्हाला लई आवडलं होतं ना? म्हणून बघितलंत, अजून काय मारलं तर उठतंय." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "लाइट गेली नव्हती, आजोबा. पिन तुम्ही उपसलीत."